हॉलिडे कॅम्पचा उदय आणि ऱ्हास : फाइली येथील बटलिन कॅम्पच्या संदर्भात

श्रमिकांच्या इतिहासलेखनात वेतन, कामाचे तास व संप यांना जेवढे स्थान मिळाले, तेवढे सुटीला मिळालेले नाही. वस्तुतः कामगार कुटुंब वर्षातील मोकळा आठवडा कोठे व कसे घालविते, यावरून त्या समाजाची घडण बरीच उलगडते. या दृष्टीने इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, यॉर्कशायरमधील फाइलीजवळ बिली बटलिन यांनी उभारलेला हॉलिडे कॅम्प अभ्यसनीय ठरतो. १९४५ मध्ये सुरू झालेला हा कॅम्प १९८३ च्या हंगामानंतर बंद पडला. स्पेनमधील ऊन आणि स्वस्त विमानप्रवास यांनी त्याचा बळी घेतला, असे सर्रास सांगितले जाते. हे कारण खोटे नाही. मात्र ते अपुरे आहे.

बटलिन (१८९९-१९८०) हे जत्रेतील खेळांच्या व्यवसायातून पुढे आलेले उद्योजक होते. त्या काळी समुद्रकाठच्या घरगुती निवासांत उतरणाऱ्या कुटुंबांना न्याहारीनंतर खोली सोडून दिवसभर बाहेर राहावे लागे, मग पाऊस कोसळत असला तरी. या गैरसोयीत बटलिन यांना धंद्याची संधी दिसली. १९३६ मध्ये स्केग्नेसजवळ त्यांचा पहिला कॅम्प सुरू झाला. निवास, तीन वेळचे भोजन व करमणूक या सर्वांचे मिळून एकच शुल्क, हे त्याचे वैशिष्ट्य होते. १९३८ च्या कायद्याने भरपगारी सुटीच्या तत्त्वाला मान्यता दिली आणि या कल्पनेला भक्कम आधार लाभला. फाइलीचे बांधकाम १९३९ मध्ये आरंभले गेले. परंतु महायुद्धामुळे तेथे प्रथम हवाई दलाचे जवान राहिले आणि सहली कुटुंबे नंतर आली.

भरभराटीच्या काळात फाइलीत एका वेळी दहा हजारांहून अधिक लोक राहत. १९४७ मध्ये कॅम्पसाठी स्वतंत्र रेल्वे स्थानक उघडण्यात आले. गाडीतून उतरलेली कुटुंबे ट्रॅक्टरने ओढलेल्या डब्यांत बसून रस्त्याखालच्या भुयारी मार्गाने थेट आवारात पोहोचत. सकाळी ध्वनिक्षेपकावरून जाग आणली जाई, जेवणाच्या पंगती ठरल्या वेळी बसत, आणि लाल कोट घातलेले कर्मचारी, म्हणजेच ‘रेडकोट’, पाहुण्यांना स्पर्धा, नाच व खेळ यांत ओढून नेत. सुशिक्षित टीकाकारांना ही शिस्त लष्करी बराकीसारखी वाटली. परंतु वर्षभर गिरणीच्या भोंग्यावर उठणाऱ्या माणसाला ध्वनिक्षेपकाचे फारसे वावडे नसावे. शिवाय टीकाकारांच्या नजरेतून एक बाब निसटली. या आठवड्यात घरातील स्त्रीला चूल नव्हती. रात्री खोल्यांभोवती फेरी मारणारे कर्मचारी एखादे मूल रडताना ऐकू आल्यास नाट्यगृहात त्या खोलीचा क्रमांक झळकवीत. त्यामुळे आईलाही निश्चिंतपणे नाटक पाहता येई. खरी सुटी तिला येथेच मिळाली, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरू नये.

परदेशी सहलींची स्पर्धा अचानक उद्भवली नव्हती. व्लादिमिर राइट्झ यांनी विमानाने कॉर्सिकाची सहल १९५० मध्येच नेली होती. १९६६ मध्ये विल्सन सरकारने परदेशप्रवासासाठी नेता येणाऱ्या रकमेवर ५० पौंडांची मर्यादा घातली. ती १९७० मध्ये उठेपर्यंत देशी कॅम्पना एक प्रकारचे संरक्षणच होते. पुढे १९७२ मध्ये रँक ऑर्गनायझेशनने बटलिन कंपनी ४३ दशलक्ष पौंडांना विकत घेतली. जत्रेच्या अनुभवातून वाढलेला हा व्यवसाय आता अनेक उद्योगांपैकी एक बनला. खर्च वाचविण्यासाठी आणि बदललेल्या आवडीनुसार बटलिनच्या कॅम्पांत स्वतः रांधून खाण्याची सोय असलेल्या खोल्या वाढल्या. कुटुंबाला त्यातून स्वातंत्र्य मिळाले, हे मान्य करावेच लागेल. मात्र चूल पुन्हा त्याच स्त्रीच्या वाट्याला आली, आणि सामुदायिक भोजनगृह हा कॅम्पचा कणा खिळखिळा झाला. मोटारी वाढल्या तशी रेल्वेची गरज घटली. फाइली कॅम्पचे स्थानक १९७७ मध्ये बंद झाले.

याहून मोठा आघात ग्राहकवर्गावरच झाला. उत्तर इंग्लंडमधील कापड, कोळसा व पोलाद उद्योगांच्या गावांत कारखाने ठरावीक काळात एकदम बंद ठेवण्याची प्रथा होती. त्यामुळे शेजारपाजारची कुटुंबे एकत्रच सुटीवर निघत. कॅम्पमध्ये जी सामुदायिकता दिसे, ती रेडकोटांनी निर्माण केलेली नव्हती. लोक ती गावाहून बरोबरच आणत. १९८० नंतरच्या मंदीने ही गावेच खचली. जानेवारी १९८२ मध्ये ब्रिटनमधील बेकारांची नोंद तीस लाखांवर गेली. ज्याची नोकरीच गेली, त्याच्या भरपगारी सुटीचा प्रश्नच उरत नाही, आणि स्पेनला जाण्याचाही नाही. ‘स्पेनने फाइली संपविले’ या प्रचलित स्पष्टीकरणातून नेमका हा वर्ग गळून पडतो.

१९८३ मध्ये फाइलीबरोबरच क्लॅक्टनचा कॅम्पही बंद करण्यात आला. १९८६ मध्ये फाइलीत उद्यान पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न झाला. तो अल्पावधीतच फसला. स्केग्नेस, माइनहेड व बॉग्नर ही केंद्रे मोठी गुंतवणूक व बदल करून टिकली, आणि स्केग्नेस येथील सुरुवातीच्या काळातील एक खोली संरक्षित वास्तू म्हणून जपली गेली. फाइलीतील इमारती मात्र पाडण्यात आल्या. त्या जागी एकविसाव्या शतकात सुटीतील घरांची वसाहत उभी राहिली असून तेथील घरांत स्वतंत्र स्वयंपाकघरे आहेत.