टपावरचं घर: स्वस्त रूफटॉप टेंट घेण्याआधी त्याचा इतिहास ऐका

इअरफोन लावलेत ना? आजचा विषय तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या रील्समध्ये रोज येतो: गाडीच्या टपावर उघडणारा तंबू, म्हणजे रूफटॉप टेंट. 'बजेटमध्ये कुठला घेऊ?' हा प्रश्न मला ऑफिसच्या कॅन्टीनमध्येही विचारतात. मॉडेलची नावं मी सांगणार नाही, ती दर सहा महिन्यांनी बदलतात. ही वस्तू मुळात कुणासाठी बनली, ते सांगतो. तेवढं कळलं की निवड बरीच सोपी होते.

सुरुवात इटलीतून करू. दुसऱ्या महायुद्धात देश पार खिळखिळा झाला होता. पण १९५० च्या दशकात कारखाने धडाधड सुरू झाले आणि सामान्य कामगाराच्या हातात पहिल्यांदा पगारातून उरलेले चार पैसे आले. १९५५ मध्ये फियाट ६०० आली, १९५७ मध्ये फियाट ५००. ही ५०० म्हणजे केवढीशी गाडी? लांबी तीन मीटरपेक्षा थोडी कमी, इंजिन ४७९ सीसी, आणि सुरुवातीच्या मॉडेलची ताकद १३ हॉर्सपॉवर. आज आपल्या कॉलेजातली पोरं ज्या बाइक फिरवतात, त्यातल्या कित्येक याहून ताकदवान असतात! १९५६ मध्ये मिलान ते नेपल्स या मोठ्या महामार्गाचं कामही सुरू झालं. तो १९६४ मध्ये पूर्ण झाला.

म्हणजे गाडी आली, रस्ता येऊ घातला, सुट्टी मिळू लागली. अडलं कुठे? हॉटेलचं बिल परवडेना आणि डिकीत तंबू मावेना. अख्ख्या गाडीत मोकळी जागा एकच होती, टप. ऑटोहोम ही इटालियन कंपनी आपल्या टपावरच्या तंबूंची सुरुवात १९५८ ची सांगते. तिचे दोन प्रकार गाजले. 'एअर कॅम्पिंग' पुस्तकासारखा उलगडायचा आणि त्याला बाजूने शिडी असायची. 'माज्जोलीना'ला फायबरग्लासचं कडक कवच होतं. हँडल फिरवलं की छत वर जायचं. आज बाजारात 'सॉफ्ट शेल' आणि 'हार्ड शेल' म्हणून जे विकतात, त्यांची घराणी हीच दोन.

इथे आपला एक छोटासा धागा जुळतो. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी आठवते ना, जी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून कायमची गेली? ती याच कुळातली, फियाट ११०० ची कुर्ल्यात घडलेली आवृत्ती. तिच्या टपावरचा कॅरिअर आठवा. गादी, ट्रंक, लग्नाचं सामान, सगळं त्याच्यावर. तो कॅरिअर टिकायचा कशाच्या जोरावर? टपाच्या कडेने पावसाचं पाणी वाहून नेणारी पत्र्याची पन्हळ असायची. तिच्यात कॅरिअरचे पाय अडकवून आवळायचे. जुने टपावरचे तंबूही याच पन्हळीला धरून बसायचे. आजच्या बहुतेक गाड्यांना ती पन्हळच नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता पूर्व जर्मनीत जाऊ. तिथली लोकांची गाडी म्हणजे ट्राबांट. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, २६ हॉर्सपॉवर, वजन सहाशे किलोंच्या आसपास. अंगावर स्टीलच्या पत्र्याऐवजी ड्युरोप्लास्ट, म्हणजे कापसाचा टाकाऊ धागा आणि रेझिन दाबून बनवलेलं साहित्य. गाडी मिळायला नाव नोंदवून दहा-दहा वर्षं थांबावं लागायचं. म्हणजे मुलगा पाचवीत असताना नंबर लावायचा आणि गाडी दारात येईपर्यंत तो कॉलेजात!

फिरायला जायचं तरी कुठे? पश्चिमेला भिंत. मग बाल्टिक समुद्राचा किनारा, चेकोस्लोव्हाकिया, हंगेरीतलं बालाटन सरोवर. सरकारी सुट्टीगृहांत जागा मर्यादित, त्यामुळे कॅम्पिंग प्रचंड लोकप्रिय झालं. अशा काळात, १९७० च्या दशकात, सॅक्सनीतल्या लिंबाख-ओबरफ्रोना गावच्या गेरहार्ड म्युलर या माणसाने ट्राबांटच्या टपावर बसेल असा घडीचा तंबू तयार केला. विचार करा, सगळ्यात चिमुकल्या गाडीच्या डोक्यावर झोपायची खोली! आज ट्राबांटप्रेमींच्या मेळाव्यात असा तंबूवाला ट्राबी दिसला की लोक आधी हसतात आणि मग फोटो काढतात. १९८९ मध्ये भिंत पडली, ३० एप्रिल १९९१ ला शेवटची ट्राबांट कारखान्यातून बाहेर आली, आणि तंबूची ती गरजही संपली.

या दोन्ही गोष्टींत सारखं काय आहे? पैसे कमी, गाडी छोटी, म्हणून बनवणाऱ्याला वजन कमी ठेवावंच लागलं. दुसरा इलाजच नव्हता.

मग चित्र कुठे बदललं? दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात. तिथे हा तंबू लँड रोव्हर, लँड क्रूझर अशा दणकट गाड्यांवर चढला. खाली स्टीलचा रॅक, वर जाड कॅनव्हास. गाडीच दोन टनांची असल्यावर तंबू साठ किलोंचा आहे की ऐंशीचा, कोण बघतो? पुढे अमेरिकेत लाट आली. २०१८ मध्ये स्वीडनच्या थुले कंपनीने कॅलिफोर्नियाची टेपुई ही तंबूवाली कंपनी विकत घेतली आणि ही वस्तू जीपवाल्यांच्या गोतावळ्यातून थेट शोरूममध्ये आली. कोविडनंतर तर विचारूच नका.

म्हणजे गंमत बघा. छोट्या गाडीसाठी जन्मलेली वस्तू मोठ्या गाडीच्या मापाने वाढली आणि आता स्वस्त होऊन पुन्हा हॅचबॅकवाल्याकडे आलीय. किंमत खाली आली, वजन मात्र तिथेच राहिलं. बजेट तंबूतला खरा धोका हा आहे. हलकं आणि मजबूत बनवायला पैसे लागतात; स्वस्तात मजबूत बनवायचं तर ते जड होतं.

आता आकडे घेऊ, इंजिनीअर आहे म्हटल्यावर सुटका नाही. टपाच्या क्षमतेचे दोन हिशेब असतात. गाडी धावत असताना टप किती वजन पेलेल, तो डायनॅमिक लोड. गाडी उभी असताना किती, तो स्टॅटिक लोड. मॅन्युअलमध्ये सहसा पहिलाच छापलेला असतो.

समजा मॅन्युअल म्हणतं ७५ किलो. आडव्या दांड्यांचे, म्हणजे क्रॉसबारचे, ६ किलो गेले. तंबू ५५ किलोंचा. उरले १४. जमलं. पण मॅन्युअल ५० म्हणत असेल, तर दांड्या वजा जाऊन ४४ उरतात आणि ५५ चा तंबू बसतच नाही. दुकानदार कितीही म्हणो, 'अहो, काही होत नाही, सगळेच लावतात.' दांड्यांची स्वतःचीही मर्यादा असते. टप आणि दांड्या यांत जो आकडा कमी, तोच धरायचा.

रात्रीचा हिशेब वेगळा. दोन माणसं १४० किलो, तंबू ५५, दांड्या ६, अंथरूण-पांघरूण १०. एकूण २११. हे ऐकून लोक घाबरतात, पण उभ्या गाडीला धक्के नसतात, वळणं नसतात, आणि पुस्तकासारख्या उघडणाऱ्या तंबूत बाहेर आलेल्या भागाचा काही भार शिडीतून जमिनीवर जातो. म्हणून शिडीचा पाय घट्ट जमिनीवरच हवा. तरीही तंबू आणि दांड्या बनवणाऱ्यांनी दिलेली उभ्या गाडीची मर्यादा वाचाच. खरी परीक्षा घाटात असते. करकचून ब्रेक मारला की ५५ किलोंचा तंबू ४०-४५ किलोंच्या जोराने पुढे रेटला जातो, आणि तो सगळा जोर चार क्लॅम्पवर येतो. पन्हळ नसलेल्या गाडीत ते क्लॅम्प कशाला धरलेत, हे स्वतः खाली वाकून बघा. जिमनीसारख्या एखाद्या गाडीला अजून पन्हळ आहे, पण म्हणून मॅन्युअलमधला आकडा वाढत नाही.

मग कमी पैशात निवडायचं कसं? क्रम असा ठेवा. आधी मॅन्युअल, मग तंबूचं वजन, मग कापड, सगळ्यात शेवटी किंमत. कापडात पॉलिस्टर हलकं आणि स्वस्त, पण आतून श्वासाची वाफ साचून थेंब पडतात. पॉलिकॉटन हवा खेळती ठेवतं, पण जड आणि वाळायला वेळ घेतं. सह्याद्रीत पावसाळी ट्रिप करून ओला तंबू तसाच घडी घातलात, तर थोड्याच दिवसांत काळी बुरशी धरलीच समजा. शिवणीवर आतून टेप आहे का बघा, झिप चार वेळा उघडून-लावून बघा. तंबूत शेगडी किंवा कोळसा पेटवायचा नाही, थंडी कितीही असो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि हो, सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगची उंची मोजून ठेवा!

शेवटचं आणि महत्त्वाचं. इटलीतला कामगार आणि ट्राबांटवाला टपावर चढले, कारण त्यांच्याकडे दुसरी जागाच नव्हती. तुमच्या डिकीत तीन-चार किलोंचा साधा तंबू आरामात मावतो, आणि वर्षातून दोनदाच जाणार असाल तर तो जमिनीवर लावा. पैसे वाचतील, मायलेज वाचेल, टपही वाचेल. दर महिन्याला नवी जागा, चिखल, दगडाळ पठार असं तुमचं फिरणं असेल, तर टपावरचा तंबू जरूर घ्या. आधी एकदा भाड्याने घेऊन झोपून बघा.

तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये टपाचा आकडा किती आहे? आज शोधा आणि मला व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोवर गाडी सांभाळून चालवा!