दुकानाच्या व्हॉट्सॲप नंबरचे सिम कुठे आहे? नवा नियम काय सांगतो, व्यापाऱ्यांनी काय तपासावे

लाखनी : धानाच्या नमुन्याचा फोटो, खताच्या बॅगांची ऑर्डर, गाडीचा नंबर, उधारीची आठवण आणि बिल. लाखनी, मुरमाडी, पालांदूर परिसरातला बराचसा धंदा आज व्हॉट्सॲपवरच चालतो. पाटी रंगवतानाही दुकानदार आधी व्हॉट्सॲप नंबर लिहून घेतात. पण या नंबरचे सिम कोणाच्या नावावर आहे आणि ते सध्या कोणत्या फोनमध्ये आहे, याकडे फारसे कोणी पाहत नाही. केंद्राच्या दूरसंचार विभागाच्या आदेशामुळे आता तेच पाहण्याची वेळ आली आहे.

आदेश काय आहे?

दूरसंचार सायबर सुरक्षा नियमांत ऑक्टोबर २०२५ मध्ये दुरुस्ती झाली. त्या आधारे २८ नोव्हेंबर २०२५ रोजी दूरसंचार विभागाने मेसेजिंग ॲप कंपन्यांना निर्देश दिले. व्हॉट्सॲप, टेलिग्राम, सिग्नल, अराट्टाई अशी ॲप त्यात येतात. मुख्य मुद्दे दोन.

पहिला मुद्दा 'सिम बाइंडिंग'चा. ज्या नंबरवर खाते उघडले, त्याच नंबरचे चालू सिम त्या फोनमध्ये असले पाहिजे. सिम नसेल तर ॲप चालू नये. आतापर्यंत एकदा ओटीपी टाकला की सिम काढून घेतले तरी व्हॉट्सॲप चालत राहायचे.

दुसरा मुद्दा संगणकाचा. व्हॉट्सॲप वेबसारखी सेवा जास्तीत जास्त सहा तासांनी आपोआप लॉगआउट व्हावी आणि पुन्हा क्यूआर कोड स्कॅन करून जोडावी लागावी, असे आदेशात आहे.

कंपन्यांना अंमलबजावणीसाठी ९० दिवस आणि अहवाल देण्यासाठी १२० दिवस दिले गेले. आदेशाच्या तारखेपासून मोजले तर या मुदती २६ फेब्रुवारी आणि २८ मार्च २०२६ या येतात.

कारण काय?

भारतीय नंबरवर खाते उघडायचे आणि सिम जवळ नसताना ते परदेशातून चालवायचे, ही ठगांची जुनी युक्ती. 'डिजिटल अरेस्ट', बनावट गुंतवणूक, खोटे पोलीस अधिकारी अशा फसवणुकीत ती वापरली जाते. सरकारने दिलेल्या माहितीनुसार २०२४ या एका वर्षात सायबर फसवणुकीत देशाचे २२,८०० कोटी रुपयांहून अधिक नुकसान झाले. सिम फोनमध्येच असले तर खात्यामागचा माणूस शोधणे सोपे जाईल, असे सरकारचे म्हणणे आहे.

मोबाइल कंपन्यांच्या संघटनेने आदेशाचे स्वागत केले. इंटरनेट क्षेत्रातील काही संस्थांनी मात्र आक्षेप घेतला. ठग दुसऱ्याच्या नावावरचे सिम वापरतात, त्यामुळे त्रास प्रामाणिक ग्राहकालाच जास्त होईल, असा त्यांचा मुद्दा आहे.

गावातल्या धंद्यावर परिणाम कसा?

समजा, राईस मिलच्या मालकाचे सिम साध्या बटणाच्या फोनमध्ये आहे आणि त्याच नंबरचे व्हॉट्सॲप ऑफिसच्या स्मार्टफोनवर चालते. आदेशाप्रमाणे ही जोडी चालणार नाही. सिम स्मार्टफोनच्या दुसऱ्या स्लॉटमध्ये टाकावे लागेल.

समजा, कृषी केंद्राचा नंबर वडिलांचा, सिम त्यांच्या खिशात, पण ऑर्डर बघणारा मुलगा नागपूरला किंवा पुण्याला. तिकडच्या फोनवर ते खाते चालणार नाही. ग्राहकाने 'भाऊ, माल कधी येते?' असे विचारले तर मेसेज तसाच पडून राहील.

सगळ्यात जास्त धावपळ सेवा केंद्र आणि झेरॉक्सच्या दुकानांची. ग्राहक आधार, सातबारा, फोटो व्हॉट्सॲपवर टाकतात आणि दुकानदार संगणकावर उघडून प्रिंट काढतो. सकाळी १० वाजता जोडलेला संगणक दुपारी ४ पर्यंत केव्हातरी सुटेल. त्या वेळी मालक फोन घेऊन भंडाऱ्याला किंवा साकोलीला गेला असेल तर काउंटरवरच्या पोराला काम थांबवावेच लागेल. म्हणून दुकानाचा फोन आणि सिम दुकानातच राहील अशी सोय करणे बरे.

बाहेरगावी किंवा परदेशात गेलेल्यांना काळजीचे कारण नाही. सिम फोनमध्ये असेल तर रोमिंगवर अडचण येणार नाही, असे विभागाने स्पष्ट केले आहे.

एसएमएस आणि कॉलचा नियम वेगळा

अनेकांची इथे गल्लत होते. सिमचा आदेश दूरसंचार विभागाचा, तर जाहिरातीच्या एसएमएस आणि कॉलचा नियम ट्रायचा, म्हणजे २०१८ च्या नियमावलीचा. त्यात फेब्रुवारी २०२५ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार साध्या दहा अंकी नंबरवरून जाहिरातीचे कॉल किंवा ढीगभर एसएमएस पाठवता येत नाहीत. त्यासाठी डीएलटी यंत्रणेवर व्यवसायाची, नावाच्या हेडरची आणि मजकुराच्या नमुन्याची नोंदणी लागते. जाहिरातीच्या कॉलसाठी १४० आणि सेवाविषयक कॉलसाठी १६०० ने सुरू होणारे क्रमांक ठेवले आहेत.

नोंदणी नसलेल्या नंबरविरुद्ध दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या तरी कारवाई होऊ शकते. पहिल्यांदा १५ दिवस आउटगोइंग बंद. पुन्हा तसेच घडले तर त्या ग्राहकाच्या सगळ्या जोडण्या एक वर्षासाठी तोडल्या जातात. दुकानाचा नंबर असा गेला तर त्या नंबरवर चालणारे व्हॉट्सॲपही अडचणीत येईल.

व्हॉट्सॲपवरच्या जाहिरातींना ट्रायचा हा नियम लागू नाही. तिथे कंपनीच्या अटी चालतात. ग्राहकाला विचारल्याशिवाय रोज ऑफर टाकल्या आणि लोकांनी 'रिपोर्ट' केले, तर कंपनी खाते बंद करू शकते.

दुकानदारांनी आताच काय तपासावे?

१. सिम कोणाच्या नावावर आहे? जुन्या नोकराच्या किंवा वारलेल्या नातेवाइकाच्या नावावर असेल तर मोबाइल कंपनीच्या अधिकृत केंद्रात जाऊन नाव बदलून घ्यावे. हरवलेले सिम पुन्हा काढायला नोंदणी असलेली व्यक्तीच लागते.

२. रिचार्ज चालू आहे का? फक्त व्हॉट्सॲपपुरता ठेवलेला प्रीपेड नंबर ९० दिवस वापरात नसेल तर कंपनी तो बंद करू शकते आणि पुढे दुसऱ्याला देऊ शकते.

३. आपल्या नावावर किती सिम आहेत? 'संचार साथी' पोर्टलवर ते पाहता येते. एका व्यक्तीला महाराष्ट्रात जास्तीत जास्त नऊ सिम ठेवता येतात. अनोळखी नंबर दिसला तर तिथेच कळवावे.

४. नंबर बदलायचा असेल तर जुने सिम चालू असतानाच व्हॉट्सॲपमधील 'नंबर बदला' ही सोय वापरावी. चॅटचा बॅकअप घ्यावा.

५. ऑर्डर आणि उधारी वहीतही लिहावी. खाते एक दिवस बंद पडले तरी हिशेब हाताशी राहतो.

ओटीपी मागणाऱ्यांपासून सावध

असा नियम आला की ठगही त्याचाच आधार घेतात. 'तुमचे व्हॉट्सॲप बंद होणार, सिम जोडायला ओटीपी सांगा', असा फोन किंवा लिंक आली तर ती फसवणूक समजावी. सिम फोनमध्ये ठेवण्यासाठी कोणाला ओटीपी सांगावा लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत. संशयास्पद कॉल, एसएमएस किंवा व्हॉट्सॲप मेसेजची माहिती संचार साथीवरील 'चक्षू' सुविधेत देता येते. नको असलेल्या जाहिराती एसएमएस किंवा कॉलने येत असतील तर १९०९ वर तक्रार करावी. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता लगेच १९३० वर फोन करावा.