डिस्कवरील झांकलेली जागा

जुन्या वाड्याच्या जाड भिंतींत बळद असे. धान्य, दागिने, प्रसंगीं महत्त्वाचे कागदही तेथें ठेवीत. पाहणारास ती नुसती भिंतच दिसे. परंतु वाडा आंतून आणि बाहेरून निरनिराळा मोजणाऱ्या चतुर माणसास मधली तफावत कळून येई. संगणकाच्या हार्ड डिस्कवरही असेंच एक बळद असूं शकतें. तें कोणीं व कां निर्माण केलें, आणि संगणकाचा सारा कारभार पाहणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमनें त्याच्याशीं कसें वर्तन ठेवलें, याचा इतिहास पाव शतकाहून थोडाच अधिक आहे. पण बोधप्रद आहे.

हार्ड डिस्कचा जन्म १९५६ सालचा. आय. बी. एम. कंपनीच्या रॅमॅक यंत्रास जोडलेल्या पहिल्या संचांत ५० तबकड्या होत्या व त्यांवर ५० लक्ष अक्षरें मावत. पुढें तबकड्या लहान होत गेल्या आणि अक्षरें वाढत गेलीं. डिस्कवरील जागा सेक्टर नांवाच्या लहान लहान खणांत विभागलेली असते आणि प्रत्येक खणास अनुक्रमांक असतो. शेवटचा क्रमांक कळला कीं डिस्क केवढी हें कळलें. मात्र हे खण ऑपरेटिंग सिस्टीम स्वतः मोजीत बसत नाहीं. ती डिस्कलाच विचारते, आणि डिस्क जें सांगेल तें प्रमाण मानते. पुढील सर्व कथा या एका विश्वासावर उभी आहे.

डिस्कनें आपला आकार कमी सांगावा, ही गरज प्रथम एका अडचणींतून उत्पन्न झाली. संगणक सुरू होतांच जागा होणारा जो मूळ कार्यक्रम, ज्यास बायॉस म्हणतात, त्याला मोठे आंकडे हाताळतां येत नसत. १९९० नंतरच्या दशकांत प्रथम ५२८ मेगाबाइटची, मग ८.४ गिगाबाइटची आणि १९९९ च्या सुमारास ३३.८ गिगाबाइटची, अशा मर्यादा एकामागून एक आडव्या आल्या. शेवटच्या मर्यादेपलीकडची डिस्क जोडली असतां कित्येक संगणक सुरूच होत नसत. कारखानदारांनीं त्यावर एक सोपा तोडगा काढला. डिस्कच्या पाठीमागील दोन कांट्यांवर जंपर नांवाची चिमुकली टोपी बसविली कीं ती आपला आकार मर्यादेइतकाच सांगे. संगणक सुरू होई. पण पैसे मोजून घेतलेली उरलेली जागा दृष्टीआड जाई.

याच सुमारास, १९९८ सालीं, डिस्क व संगणक यांच्या संभाषणाचे नियम ठरविणाऱ्या ए. टी. ए. मानकाची चौथी आवृत्ति निघाली. तिनें या झांकाझांकीस रीतसर रूप दिलें. त्या क्षेत्राचें नांव होस्ट प्रोटेक्टेड एरिआ. योजना अगदीं साधी होती. डिस्कला दोन वेगवेगळे प्रश्न विचारतां येऊं लागले. ‘तुझी ओळख सांग,’ या पहिल्या प्रश्नास ती दाखविण्याचा आकार सांगे. ‘तुझा मूळचा शेवटचा क्रमांक कोणता?’ या दुसऱ्या प्रश्नास ती खरा आकार सांगे. शिवाय, ‘अमुक क्रमांक हाच शेवटचा समज,’ अशी आज्ञाही तिला देतां येई. ती वीज बंद होईपर्यंतच पाळावयाची कीं कायमची, हेंही ठरवितां येई. दोन उत्तरांत जो फरक पडे, तेंच डिस्कवरील बळद.

यामागील हेतु वाईट नव्हता. संगणक बिघडला असतां तो पूर्ववत् करण्याची सामग्री डिस्कवरच ठेवावी, आणि मालकानें सर्व डिस्क पुसली तरी ती शिल्लक राहावी, ही त्यांतील दृष्टि होती. आय. बी. एम. च्या थिंकपॅड जातीच्या कांहीं संगणकांत असें क्षेत्र याच कामासाठीं राखून ठेवलेलें असे. परंतु कांहीं संगणकांचे बायॉस मालकास न विचारतां, केवळ आपली एक प्रत ठेवण्यासाठीं, डिस्कच्या शेवटची सुमारें एक मेगाबाइट जागा अडवूं लागले. रक्षणासाठीं बांधलेल्या बळदाचें असें परस्पर अतिक्रमण झालें.

आतां ऑपरेटिंग सिस्टीमनें काय करावें? येथें दोन पंथ दिसून आले. विंडोजनें पहिल्याच उत्तरावर समाधान मानलें. डिस्क जेवढी दिसते तेवढीच ती आहे असें धरून ती चाले. लिनक्सचा पंथ निराळा होता. अँड्रीझ ब्राउवर यांनीं मोठ्या डिस्कांसंबंधीं एक तपशीलवार मार्गदर्शिका लिहिली आणि जंपरनें झांकलेली जागा आज्ञा देऊन परत मिळविण्याचा लहानसा कार्यक्रमही तयार केला. पुढें लिनक्सच्या जुन्या डिस्क-चालकांत हीच युक्ति अंतर्भूत झाली. तो दुसरा प्रश्न विचारी, फरक आढळल्यास मर्यादा उठवी आणि सगळी जागा मालकाच्या स्वाधीन करी. एकानें पूर्ण विश्वास ठेवला, दुसऱ्यानें पूर्ण अविश्वास.

दोहोंतही धोका होता. सगळें उघडल्यास राखून ठेवलेल्या सामग्रीवर नवीन मजकूर लिहिला जाण्याचा संभव. काहींच न उघडल्यास मालकाचें नुकसान. त्यांतच लिनक्सचा कारभार जुन्या चालकाकडून लिबाटा नांवाच्या नव्या चालकाकडे गेला. २००७ च्या सुमारास या नव्या चालकांत गुप्त क्षेत्राची ओळख आली, परंतु स्वतः होऊन मर्यादा उठवावयाची नाहीं, असें त्याचें धोरण ठरलें. परिणामीं काल पूर्ण दिसणारी डिस्क आज किंचित् आंखूड दिसूं लागली. ज्यांच्या विभागांची हद्द शेवटच्या खणापर्यंत भिडली होती, त्यांचे विभाग अपुरे ठरले. अनेक डिस्का एकत्र जोडून केलेल्या संचांत संचाची खूण डिस्कच्या शेवटीं लिहिण्याची एक पद्धत होती. ती खूणच नाहींशी झाल्यासारखी झाली. माहिती जागच्या जागीं होती, फक्त तिच्यापर्यंत जाण्याचें दार बंद झालें होतें.

२०१० सालीं लिनक्सनें यावर मध्यम मार्ग काढला. प्रथम डिस्कच्या सांगण्याचा मान राखावयाचा. परंतु डिस्कवरील विभागांचा तक्ता वाचतांना एखाद्या विभागाची हद्द दाखविलेल्या आकाराबाहेर जात असेल, तर पूर्वीं ती जागा वापरांत होती असें समजून झांकण काढावयाचें. विश्वास किंवा अविश्वास यांपैकीं एकाची निवड न करतां पुराव्यावरून निर्णय घ्यावयाचा, हें या उपायाचें मर्म आहे.

दरम्यान मानकाच्या सहाव्या आवृत्तींत आणखी एक खोल कप्पा निर्माण झाला होता. त्याचें नांव डिव्हाइस कॉन्फिगरेशन ओव्हर्ले. निरनिराळ्या कारखान्यांच्या डिस्का एकाच आकाराच्या दाखवितां याव्या, ही संगणक जुळविणाऱ्यांची सोय त्यांत पाहिली होती. परंतु यामुळें दुसऱ्या प्रश्नाचें उत्तरही कमी येऊं लागलें. खरें उत्तर मिळविण्यास तिसराच प्रश्न विचारणें भाग पडलें.

गुन्ह्यांचा तपास करणाऱ्यांना या गोष्टीचें महत्त्व लवकरच कळलें. ब्रायन कॅरिअर यांच्या २००५ सालच्या ‘फाइल सिस्टीम फोरेन्सिक ॲनालिसिस’ या ग्रंथांत या दोन्ही क्षेत्रांचें विवेचन आहे. तपासनिसापुढें पेंच असा कीं, झांकण न काढावें तर पुरावा हातचा जातो आणि काढावें तर मूळ वस्तूंत फेरफार होतो. पहिल्या प्रकारांत वीज बंद होईपर्यंतच झांकण दूर करण्याची सोय आहे. दुसऱ्या प्रकारांत केलेला बदल मात्र कायमचा ठरतो. सामान्य माणसाचाही येथें संबंध येतो. जुनी डिस्क विकतांना ‘सर्व पुसलें’ असें संगणक सांगतो, तेव्हां त्याचा अर्थ ‘जें दिसलें तें सर्व पुसलें’ एवढाच असूं शकतो.

नव्या मानकांत या जुन्या आज्ञांची जागा दुसऱ्या आज्ञांनीं घेतली आहे. फिरत्या तबकड्यांऐवजीं आलेल्या स्थिर साठ्यांतही कांहीं जागा यंत्र स्वतःच्या निगेसाठीं राखून ठेवतें व ती ऑपरेटिंग सिस्टीमला दाखवीत नाहीं. फेब्रुवारी २०१५ मध्यें तर कॅस्परस्की या संस्थेनें असें उघडकीस आणलें कीं, हेरगिरी करणाऱ्या एका टोळीनें डिस्कच्या आंतील मूळ आज्ञावलीच बदलून तेथें गुप्त साठा करण्याची सोय साधली होती. जेथें उत्तर देणाराच फितूर झाला, तेथें प्रश्न वाढवून काय उपयोग?

बळद बांधण्यांत दोष नाहीं; मौल्यवान वस्तूंना आडोसा लागतोच. परंतु वाडा ज्याचा, त्याला बळद कोठें आहे हें ठाऊक असलें पाहिजे.