उघडे दार, बंद भाषा

इंग्लंडच्या १६८९ सालच्या सहिष्णुता कायद्यातील एक कलम आम्हांस फार बोलके वाटते. राजमान्य चर्चबाहेरच्या प्रोटेस्टंट पंथांना त्या कायद्याने उपासनेची मोकळीक दिली. मात्र सभा चालू असताना दाराला कुलूप, कडी वा अडसर घातलेला आढळल्यास तेथे जमलेल्यांना कायद्याचे संरक्षण मिळणार नव्हते. राज्यकर्त्यांना धास्ती होती ती बंद दाराआडच्या कटाची. क्वेकरांना, म्हणजे ‘सोसायटी ऑफ फ्रेंड्स’च्या अनुयायांना, ही अट जाचण्याचे कारण नव्हते. दडून भेटण्याचा मार्ग त्यांनी आधीच नाकारला होता.

त्यांचा आरंभच मुळी उघड्यावरचा. १६५२ साली जॉर्ज फॉक्स फर्बँक फेल या टेकडीवर सुमारे तीन तास बोलला आणि हजारावर माणसांनी ते ऐकले. पुढे १६६४च्या कायद्याने घरच्या माणसांखेरीज पाच किंवा अधिक जणांनी चर्चबाह्य उपासनेसाठी जमणे गुन्हा ठरवले. इतर पंथीयांपैकी अनेकांनी गुप्त बैठकींचा आश्रय घेतला. क्वेकर ठरल्या दिवशी, ठरल्या जागी जमत राहिले. १६७० साली लंडनच्या ग्रेसचर्च स्ट्रीटवरील त्यांचे सभागृह शिपायांनी बंद केले, तेव्हा विल्यम पेनने दारासमोरच्या रस्त्यावरच प्रवचन मांडले. त्या खटल्यात पेन व मीड यांना दोषी ठरवण्यास ज्यूरीने नकार दिला, म्हणून ज्यूरीलाच दंड झाला. आणि दंड भरण्यास नकार देणाऱ्या बुशेलच्या प्रकरणातून ज्यूरीच्या स्वातंत्र्याचे तत्त्व प्रस्थापित झाले. १६८२ साली ब्रिस्टलमध्ये वडीलधारी तुरुंगात गेली, तेव्हा मुलांनी सभा चालवल्या. अशा पंथाला ‘आम्ही येथे आहोत’ हे निराळे सांगावे लागत नव्हते.

मग दोन शतकांनी हाच पंथ जगाला अनोळखी का झाला? आमच्या मते याचे उत्तर दारात नाही, भाषेत आहे. सतराव्या शतकातील इंग्रजीत वरच्या माणसाला ‘यू’ आणि बरोबरीच्या वा खालच्याला ‘दाऊ’ म्हणण्याची रीत होती. क्वेकरांनी सर्वांनाच ‘दाऊ’ म्हणण्याचे व्रत घेतले. मराठी विद्यार्थ्याला यातील स्फोटकता समजावून सांगावी लागत नाही: न्यायाधीशाला कोर्टात ‘तू’ म्हणायचे! (विठ्ठलाला ‘तू’ म्हणणे आपल्याला सोपे जाते; मामलेदाराला म्हणून पाहावे.) पण भाषा बदलली. ‘यू’ सर्वांचेच झाले, आणि समतेसाठी उच्चारलेला शब्द एका छोट्या गटाची खूण होऊन बसला. साध्या पोशाखाचेही तेच झाले. भपका नाकारणारा वेश काळ पुढे गेल्यावर गणवेशच ठरला.

यात भर पडली ती सदस्यत्वाच्या नियमांची. १७३७ साली लंडनच्या वार्षिक सभेने गरजू सभासदाची जबाबदारी कोणत्या स्थानिक सभेची हे ठरवले; पत्नी व मुले कुटुंबप्रमुखाच्या सभेत मोजली जाऊ लागली. हेतू करुणेचा होता, पण परिणामी क्वेकरपण जन्माने मिळू लागले. पंथाबाहेर विवाह करणाऱ्याला सदस्यत्वातून काढून टाकण्याची शिस्तही होतीच. दार उघडे खरे, पण त्यातून माणसे बाहेरच जात होती. जॉन स्टीफन्सन राउंट्री या यॉर्कच्या तरुणाने १८५९च्या आपल्या पारितोषिकप्राप्त निबंधात हे परखडपणे दाखवले, आणि त्याच सुमारास विवाहाचा व पोशाखाचा निर्बंध सैल झाला. इतक्या लवकर स्वतःत बदल करणारी धर्मसंस्था विरळाच, हे श्रेय त्यांना द्यावेच लागेल.

ब्रिटनमधील सभा आजही बहुतांशी मौनाच्या असतात. पुरोहित नाही, ठरलेला क्रम नाही. कोणाला आतून प्रेरणा झाली तर तो उठून बोलतो, आणि शेवटी हस्तांदोलनाने सभा संपते. नवख्या माणसाला यातले काय कळावे? बोललो तर चालेल का, हे संपले कसे ओळखायचे, या साध्या प्रश्नांची उत्तरे मौनातून मिळत नाहीत. मौन सर्वांना सारखेच खुले असते हे म्हणणे आम्हांस पुरते पटत नाही. सरावलेल्याला ते विसावा देते, परक्याला परीक्षेसारखे वाटू शकते. दारापाशी कोणी दोन वाक्ये बोलले, हाती माहितीचा कागद दिला, नंतर चहाच्या वेळी एकटे सोडले नाही, तरच ते मौन त्याचेही होते.

शिवाय क्वेकर स्वतःविषयी बोलण्यास संकोचतात. काम बोलते, पंथ गप्प राहतो. सेवाग्रामात नई तालीमच्या कामात रमलेल्या मार्जोरी साइक्स आपल्याकडे गांधीविचाराच्या शिक्षिका म्हणून ठाऊक असतात, १९३६ साली त्या क्वेकर झाल्या हे क्वचितच कोणाला माहीत असते. हा संकोच आदरणीय खरा, पण शोधात असलेल्या माणसाला त्यातून पत्ता सापडत नाही. २००२ साली लंडनमध्ये सुरू झालेल्या ‘क्वेकर क्वेस्ट’ने हा संकोच मोडला: जाहीर संध्याकाळी काही क्वेकर ईश्वर, शांतता, उपासना अशा एखाद्या विषयावर स्वतःच्या अनुभवातून बोलतात, त्यांची मते एकमेकांशी जुळतीलच असे नाही, थोडे मौन होते, आणि आलेल्यांना हवे ते विचारता येते.