खाजन शेती: मानशीचा वाद आणि भातपीक

गोव्यात नद्या-खाड्यांच्या काठी सुमारे १८ हजार हेक्टर खाजन जमीन आहे. भरतीच्या पातळीपेक्षा ती खोलगट असल्याने तिथले भात बाहेरचा बांध आणि मानस यांच्यावर टिकते. मानस म्हणजे बांधातली लाकडी दारे. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने ती उघडतात, भरतीला बाहेरच्या दाबाने मिटतात.

बांध कोणा एकाचा नाही, आणि वाद इथूनच सुरू होतो. पूर्वी गावकरी, म्हणजेच कोमुनिदाद, ही सामुदायिक संस्था जमीन आणि बांध दोन्ही सांभाळत असे. १९६४च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला संरक्षण मिळाले, ते योग्यच होते. बांधाची देखभाल मात्र कूळ संघांकडे आली आणि मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव हे त्यांचे मोठे उत्पन्न ठरले. लिलाव घेणाऱ्याला भरतीचे पाणी आत हवे असते, कारण त्याबरोबर मासळी आणि कोळंबी येते. भात लावणाऱ्याला पावसाळ्यात ते नकोच असते. ज्यांनी शेत पडीक टाकले आहे ते सभासद सहसा लिलावाच्या बाजूने झुकतात. हक्काचा वाद चालू असेपर्यंत बांधाचे भगदाड कोण बुजवणार हे ठरत नाही.

नुकसान एका हंगामापुरते राहत नाही. मातीची विद्युत वाहकता ३ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की सर्वसाधारण भाताचे उत्पादन दर एककामागे सुमारे १२ टक्क्यांनी घटते. रोपावस्था आणि फुलोरा या वेळी पीक सर्वांत नाजूक असते. जमीन काही वर्षे पडून राहिली तर तिथे खारफुटी उगवते, आणि तिला कायद्याचे संरक्षण असल्याने शेत परत मिळवणे फार अवघड होते. खाजनातला कोरगुट प्रामुख्याने घरच्या पेजेचा तांदूळ. तो गेला की कुटुंब बाजारावर अवलंबून राहते, आणि गोव्याला तसाही बाहेरून तांदूळ आणावा लागतो.

खारे पाणी शिरले असेल तर आधी भगदाड बुजवा. मग पहिल्या पावसांचे पाणी वाफ्यात साठवून ओहोटीला मानशीतून सोडा आणि हे तीन-चार वेळा करा. पेरणीपूर्वी माती तपासून घ्या. सामू न पाहता जिप्सम टाकू नका. मीठ धुतले जाते ते गोड्या पाण्याने आणि निचऱ्याने. ज्योती, जया यांच्याऐवजी कोरगुट किंवा त्यातून निवडलेले गोवा धान १ व गोवा धान २ हे वाण घ्या. लावणीसाठी ३० दिवसांची रोपे, चुडात तीन-चार.

विस्तार कार्यकर्त्यांनी लिलावाच्या आधीच्या सभेला हजर राहावे. पेरणीपासून कापणीपर्यंत भरतीचे पाणी आत घ्यायचे नाही, दाराची देखरेख कसणाऱ्यांपैकी दोघांकडे राहील आणि लिलावाच्या रकमेचा ठरावीक हिस्सा फक्त बांधासाठी वेगळा ठेवायचा, या अटी लिलावाच्या कागदातच घालून घ्याव्यात. तोंडी ठरलेले पहिल्या मोठ्या भरतीलाच मोडते.