सायक्लोस्टाइल ते युनिकोड : एका जुन्या संपादकाची कैफियत



या वर्षी स्मरणिका समितीने माझ्यावर एक काम सोपवलं. मंडळाच्या जुन्या अंकांतले निवडक लेख एकत्र करून द्यायचे. ‘तुम्ही पहिल्यापासून आहात, तुमच्याकडे सगळं असेलच,’ असं अध्यक्षीणबाई म्हणाल्या आणि मीही हो म्हणून बसलो.

तळघरातला खोका उघडला. त्यात १९८६ चा हाताने लिहून फोटोकॉपी केलेला अंक होता आणि १९९६ च्या अंकाच्या सहा फ्लॉप्या. त्या अंकाची माझी छापील प्रत एका पावसाळ्यात तळघरात पाणी शिरून गेली होती, पण ‘फ्लॉपी आहे ना’ म्हणून मी निर्धास्त होतो. १९८६ चा अंक पिवळा पडला होता, तरी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचता आला. फ्लॉप्यांसाठी माझ्या भाच्याने कुठूनसा ड्राइव्ह मिळवला. फाइली शाबूत होत्या. उघडल्या, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरची चिन्हं यांची नुसती मिसळ! त्या मिसळीत आमच्या एका काकूंचा लेख होता. १९६८ साली नव्या नवरीच्या पायांनी पाहिलेला इथला पहिला हिवाळा त्यांनी लिहिला होता. काकू २००४ साली गेल्या. हाताने लिहिलेलं टिकलं आणि कॉम्प्युटरवर जपलेलं हरवलं, हे कसं झालं? उत्तरासाठी जरा मागे जावं लागतं.

ऑफिसातल्या सेक्रेटरीबाईंना पूर्वी शेवटच्या ओळीत एक चूक झाली तरी अख्खं पान पुन्हा बडवावं लागे. १९६४ साली आयबीएमने चुंबकीय फीत जोडलेला टाइपरायटर आणला. मजकूर फितीवर साठायचा, चूक तेवढी सुधारायची आणि पत्र पुन्हा छापून घ्यायचं. मजकूर कागदापासून सुटा झाला, ही पहिली मोठी उडी. पुढे १९७४ च्या सुमारास झेरॉक्सच्या पार्क या संशोधनकेंद्रात बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोनी यांनी ‘ब्राव्हो’ नावाचा प्रोग्रॅम तयार केला. कागदावर जसं उमटणार तसंच पडद्यावर दिसायचं. सिमोनी पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि १९८३ साली वर्ड आलं.

मी १९८२ साली इथे नोकरीला लागलो तेव्हा आमच्या ऑफिसात वर्डस्टार होतं. सेमूर रुबिनस्टाइन यांच्या मायक्रोप्रो कंपनीने ते १९७८ साली बाजारात आणलेलं. माउस नव्हता. फाइल साठवायला कंट्रोल-के-एस, ठळक अक्षरासाठी शब्दाच्या आधी आणि नंतर कंट्रोल-पी-बी. पडद्यावर फक्त खूण दिसायची, ठळकपणा कागदावर. माझं काम टेंडरची कागदपत्रं करायचं. दरपत्रकातले आकडे एकाखाली एक यावेत म्हणून मी स्पेसबार दाबत बसायचो आणि स्वतःवर खूश व्हायचो. मग नवा प्रिंटर आला. त्यात ‘आय’ला कमी जागा आणि ‘एम’ला जास्त. सगळे रकाने वाकडे! साहेबांनी त्या दिवशी मला टॅब शिकवला आणि एक वाक्य ऐकवलं, ‘रकाना आहे असं मशीनला सांग, रकान्यासारखं दिसेल असं करू नकोस.’ हे वाक्य माझ्या पुढे फार कामाला आलं. अर्थात कळायला चौदा वर्षं लागली.

तोवर छपाईची दुनिया पालटत होती. जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी १९८२ साली अ‍ॅडोबी काढली आणि १९८४ साली पोस्टस्क्रिप्ट ही पान वर्णन करण्याची भाषा आणली. १९८५ साली अ‍ॅपलचा लेझररायटर आला. इंचाला ३०० ठिपके आणि किंमत ६,९९५ डॉलर! माझी तेव्हाची गाडी त्यापेक्षा स्वस्त होती. त्याच वर्षी पॉल ब्रेनर्ड यांच्या आल्डस कंपनीने पेजमेकर काढलं. कंपनीचं नाव व्हेनिसमधल्या आल्डस मानुशियस या पाचशे वर्षांपूर्वीच्या मुद्रकावरून घेतलेलं. ‘डेस्कटॉप पब्लिशिंग’ या शब्दाचं श्रेयही ब्रेनर्ड यांनाच देतात. त्याआधी जुळवलेल्या मजकुराच्या पट्ट्या कात्रीने कापून पुठ्ठ्यावर चिकटवाव्या लागत. आता ते काम टेबलावर, एका माणसाकडून होऊ लागलं.

हे सगळं इंग्रजीत. आपल्या देवनागरीची गोष्ट वेगळी. १८६९ साली जावजी दादाजींनी मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. त्याचे सुबक खिळे नावाजले गेले. पण काना, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरं धरली की खिळे शेकड्यांनी लागतात आणि जुळाऱ्याला एवढ्या केसांपुढे उभं राहावं लागतं. कॉम्प्युटरच्या फॉन्टमध्ये मात्र तेव्हा जेमतेम २५६ घरं होती.

मग आपल्या लोकांनी युक्ती काढली. इंग्रजी ‘डी’च्या घरात ‘क’चं चित्र बसवायचं, कंसाच्या घरात एखादा अर्धा ‘श’. पडद्यावर आणि कागदावर झकास मराठी दिसायची. कॉम्प्युटरला मात्र ते इंग्रजी ‘डी’च वाटत असे. शिवाय प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी. या युक्तीमुळेच १९९०च्या दशकात घरोघरी मराठी डीटीपी सुरू झालं आणि परदेशातल्या आपल्यासारख्या मंडळांचे अंक निघाले, हेही विसरून चालणार नाही. आमचे फॉन्ट एका मित्राने सुटीहून येताना पुण्याहून आणले होते. तो फॉन्ट आता माझ्याकडे नाही, कोणता होता हेही आठवत नाही. फॉन्ट गेला, तसं काकूंचं मराठीही गेलं. मराठीसारखं दिसेल असं आम्ही केलं होतं. हे मराठी आहे असं मशीनला सांगितलंच नव्हतं!

खरा उपाय तोवर तयार होत होता. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं जिस्टचं काम १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेलं. १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक आलं. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि देवनागरीला स्वतःची १२८ घरं मिळाली. ‘क’ हा ‘क’च, फॉन्ट कोणताही असो. विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय आली. त्यातला मंगल हा फॉन्ट सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवला. ‘अ‍ॅ’ला मात्र स्वतंत्र घर २००८ साली मिळालं. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरकही आज नीट साठवता येतो. आपल्या कोकणी मंडळींना तो फरक समजावून सांगायला नको!

काकूंच्या लेखाचं काय झालं? १९९६ च्या अंकाची एक छापील प्रत एका सभासदांच्या घरी, लग्नाच्या अल्बममध्ये जपलेली सापडली. आपल्या मराठी शाळेतल्या चार मुलांनी तो लेख फोनवर युनिकोडमध्ये टाइप केला. ‘आजोबा, गारठा म्हणजे काय?’ असं विचारत विचारत. तो लेख याच अंकात पुढे आहे, जरूर वाचा.

जाता जाता एक विनंती. आईवडिलांच्या आठवणी, वंशावळ, घरच्या पाककृती जुन्या फॉन्टमध्ये असतील, तर त्या युनिकोडमध्ये करून घ्या. रूपांतर करणारे प्रोग्रॅम मिळतात, पण कोणता फॉन्ट होता ते माहीत असावं लागतं. ते आजच फाइलच्या नावात लिहून ठेवा. पीडीएफची एक प्रत वेगळी ठेवा. ऑफिसचा अहवाल करतानाही शीर्षकाला हेडिंगची स्टाइल द्या, नुसतं मोठं आणि ठळक करून थांबू नका. आणि सगळं झालं की एक प्रत कागदावर छापून कपाटात ठेवा. तळघरात नको!