घरातला उजेड आणि क्षयरोग : मुंबईच्या एका जुन्या नियमाची गोष्ट

क्षयरोगाच्या रुग्णाला मी औषधांइतकाच महत्त्वाचा एक प्रश्न विचारतो : "तुमच्या खोलीत दिवसा दिवा लावावा लागतो का?" हा प्रश्न का, ते समजण्यासाठी थोडा इतिहास पाहू या.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. अंधाऱ्या, कोंदट चाळी हेच रोगाचे कारण, अशी तेव्हा अनेकांची समजूत होती. १८९८ मध्ये सरकारने बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. ट्रस्टने दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले. पण पाडलेल्या घरांच्या मानाने नवी घरे कमी बांधली गेली. बेघर झालेले लोक शेजारच्या चाळींत शिरले आणि तिथली गर्दी आणखी वाढली. पुढे शहराबाहेर दादर-माटुंग्याच्या योजना आखल्या गेल्या.

ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा आग्रह धरला. सोप्या भाषेत सांगायचे, तर इमारतीची उंची समोरच्या मोकळ्या जागेच्या दुपटीपेक्षा जास्त नको, म्हणजे खालच्या खोलीतही आकाशाचा उजेड पोहोचतो.

गंमत पाहा. प्लेग पसरतो तो मुख्यतः उंदरांवरच्या पिसवांमुळे, कोंदट हवेमुळे नव्हे! कारण चुकले, पण उपाय दुसऱ्याच रोगाला लागू पडला. क्षयरोगाचे जंतू खोकल्यातून हवेत येतात आणि बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात. वारा खेळता असला की ते विरळ होतात, आणि थेट उन्हात मरतात.

आज मुंबईला घरे कमी पडतात, म्हणून एफएसआय वाढवून उंच इमारतींना परवानगी दिली जाते. घरे वाढायलाच हवीत. एका खोलीत आठ माणसे हाही क्षयरोगाला निमंत्रण देणारा प्रकार आहे. पण दोन इमारतींमध्ये जेमतेम हातभर अंतर राहिले, तर नव्या पक्क्या घरातही जुनीच कोंदट चाळ उभी राहते.

म्हणून पुनर्विकासाच्या सभेत चौरस फुटांबरोबर दोन प्रश्न जरूर विचारा : शेजारची इमारत किती अंतरावर आहे? प्रत्येक खोलीची खिडकी मोकळ्या हवेत उघडते का?

आणि दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल, तर थुंकी तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात ही तपासणी आणि औषधे मोफत मिळतात.